भिंतीला पाणी

मुंगीला स्वतंत्र खोली हवी, असं घरात पहिल्यांदा कोणी म्हटलं असेल तर ते आत्याने. आत्या म्हणजे मुंगीच्या बाबाची थोरली बहीण. ती जे सुचवते त्याला तिच्या माहेरी सूचना म्हणत नाहीत, निकाल म्हणतात. पोरगी एवढी मोठी झाली तरी आईबापाच्या मधोमध झोपते, हे काही बरं लक्षण नाही, असं ती फोनवर म्हणाली. तिची स्वतःची दोन्ही मुलं धड बोलायला लागायच्या आधीपासून आपापल्या खोलीत झोपत आली होती आणि बघा किती स्वावलंबी झाली होती. ही स्वावलंबी मुलं आता दूरच्या शहरात राहतात आणि आईला फोन करायला विसरतात, हे तिने त्या दिवशी सांगितलं नाही.

बाबा हो म्हणाला. मुंगीची आईही हो म्हणाली. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण दोघांनी एकमेकांकडे बघत वर आणखी अशी पुस्ती जोडली की सवय लावायची तर आताच लावायला हवी, नंतर जड जातं. त्या क्षणी दोघांपैकी एकाने जरी नुसतं नाक मुरडलं असतं, तरी पुढचा सगळा पसारा टळला असता. पण दोघांनाही शहाणं दिसायचं होतं, आणि दोघंही शहाण्यासारखे दिसले.

मुंगीला कोणी विचारलं नाही. तिचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते लसीच्या कार्डावरच राहिलं. घरातली कुठलीही वस्तू उचलायची आणि दुसऱ्या कुठल्या तरी जागी नेऊन ठेवायची, हा तिचा पूर्णवेळ उद्योग होता. चमचा बुटात, किल्ल्या पिठाच्या डब्यात, बाबाचा एक मोजा फ्रिजमध्ये. तिच्या वाटेत आलेल्या वस्तूला घरात कायमचा पत्ता नसायचा. त्यावरून तिला मुंगी म्हणायला लागले.

बेत असा होता. बेडरूमच्या मागे एक अडगळीची खोली होती. तिच्यात शिरायचं तर अंग चोरून शिरावं लागे आणि बाहेर यायचं तर पाठमोरं यावं लागे. मधली जुनी भिंत पाडायची, बेडरूमची थोडी जागा घेऊन नवी भिंत बांधायची आणि त्या भिंतीत एक दार ठेवायचं. दाराच्या अलीकडे आईबाबा, पलीकडे मुंगी. कागदावर हे फारच सोपं दिसत होतं.

कामाला एक मिस्त्री मिळाला. विटा, गिलावा, फरशी, चौकटी, सगळं एकाच हाताचं. कमी बोलणारा, कामाला पक्का, आणि एकाच वेळी गावभर तीन ठिकाणी कामं घेतलेला. तो पहिल्या दिवशी आला, भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला की सामान हलवा. सामान हलवलं. म्हणजे बेडरूममधलं आणि अडगळीतलं सगळं सामान हॉलमध्ये आलं, आणि हॉल होता तेवढाच राहिला. मोठा पलंग सुटा करून भिंतीला टेकवला. कपाट फ्रिजच्या गळ्यात पडलं. टूथब्रश चपलांच्या मांडणीवर गेले. मुंगीचं शूचं भांडं सिमेंटच्या गोणीशेजारी विराजमान झालं, आणि तिथे बसायला ती जी कधीही तयार नव्हती ती आता आनंदाने बसू लागली, कारण तिथून मिस्त्री दिसायचा. भर म्हणून आत्याने आपल्या मुलांचा लहानपणचा पलंग दोऱ्यांनी बांधून पाठवून दिला. तोही हॉलमध्येच उभा राहिला, आणि येताजाता प्रत्येकाच्या गुडघ्याला लागू लागला.

आता उरलेल्या जागेत एकच गादी मावत होती. तिच्यावर तिघं झोपायचे.

आणि बाबाच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस सुरू झाले.

याचं कारण समजून घ्यायचं तर त्याची नोकरी सांगायला हवी. बाबा बसडेपोत होता. त्याचं काम उशिराची कारणं तपासण्याचं. गाडी उशिरा आली की चालक कारण सांगायचा आणि ते पटण्याजोगं आहे की नाही हे बाबा ठरवायचा. त्याची पाळी दुपारी सुरू व्हायची आणि तो घरी यायचा तेव्हा मुंगी झोपलेली असायची. मुंगीची आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. समोरच्याच्या नाकावर भिंगं चढवून "पहिलं बरं दिसतं की दुसरं?" असं दिवसातून शेकडो वेळा विचारायची. तिचं दुकान सकाळचं. त्यामुळे दुपारी दारातच मुंगीची अदलाबदल व्हायची, पाळी बदलताना चालक एकमेकांकडे गाडी सोपवतात तशी: काय खाल्लं, कुठे आपटली, किती झोपली. आईबाबा एकमेकांशी जे बोलायचे ते बहुतेक एवढंच.

सकाळी मुंगी बाबाकडे असायची हे खरं, पण सकाळची मुंगी म्हणजे पळणारी मुंगी. तिच्या मागे धावताना बापाला फक्त तिची पाठ दिसते. जुन्या पलंगावर ती आईच्या कुशीत असायची आणि बाबा आपला काठाला. आता या अरुंद गादीवर तो कामावरून येऊन आडवा झाला की झोपेतच तिचा एक पाय त्याच्या बरगडीवर यायचा आणि सकाळपर्यंत तिथेच राहायचा. लहानसा, गरम, थोडा सिमेंटने खरखरीत झालेला पाय. दिवसभरात तेवढीच ती त्याची असायची, कुठेही न पळता. खोली पुरी झाली की हा पाय भिंतीपलीकडे जाणार होता. बाबाला ते नको होतं, अगदी मनापासून नको होतं. आणि सवय आताच लावायला हवी असं तो स्वतःच्या तोंडाने म्हणून बसला होता.

नवी भिंत उभी राहिली. गिलावाही झाला. मिस्त्रीने हात धुतले आणि सांगितलं की आता काही दिवस रोज भिंतीला पाणी मारा, नाहीतर चिरा पडतील. लोक हमखास विसरतात, असंही तो वैतागून म्हणाला. मग भिंत वाळू द्यायची. वाळली की रंग. रंग झाला की खोली तयार.

बाबाने हे नीट ऐकलं. ओली असेपर्यंत रंग नाही, आणि रंग नाही तोवर खोली नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची उशिराची कारणं तपासली, त्याला चांगलं कारण समोर आलं की ओळखता येतं. रहदारीचं कारण असेल तर कोणी तरी म्हणतं दुसऱ्या रस्त्याने यायचं. बिघाडाचं असेल तर म्हणतं आधी का नाही पाहिलं. ओलीशी मात्र कोणाला वाद घालता येत नाही. ओल म्हणजे ओल.

म्हणून मिस्त्री "आता बास, वाळू द्या" म्हणाला तेव्हा बाबाने मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई दुकानात गेल्यावर मुंगीच्या आंघोळीचा मग भरून घेतला. वरपासून खालपर्यंत त्याने भिंतीला छान भिजवलं. मुंगीनेही आपल्या खेळण्यातल्या कपाने खालच्या भागाची जबाबदारी घेतली. दोघं आनंदाने ओले झाले. नंतर बाबाने फरशी पुसली, आंघोळीचा मग जागेवर ठेवला आणि दुपारी मुंगीला आईच्या हवाली करताना खाणं, पडणं आणि झोपणं एवढंच सांगितलं.

हे रोजचं झालं. मिस्त्री अधूनमधून यायचा, भिंतीला तळहात लावायचा, "ओल आहे अजून" म्हणायचा आणि आपल्या दुसऱ्या कामावर निघून जायचा. त्याचं तिकडचं कोणाचं तरी स्वयंपाकघर रखडलं होतं, त्यामुळे त्यालाही ही ओल काही वाईट वाटत नव्हती. बाबाला एकाच गोष्टीचं नवल वाटायचं. आपण सकाळी मारलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत भिंत इतकं धरून कशी ठेवते? पण भिंत गुणी आहे, असं म्हणून त्याने फार खोलात जायचं टाळलं.

नुसत्या ओलीवर सगळं सोडून चालणार नव्हतं. बाबाने दारही हाताशी ठेवलं. दार बसवून झालं तसं त्याने मिस्त्रीला बाजूला घेऊन सांगितलं की ते डावीकडे उघडलं तर बरं होईल. मिस्त्रीने बिजागऱ्या काढून दुसऱ्या बाजूला लावल्या. थोड्या दिवसांनी पाहतो तर दार पुन्हा उजवीकडे. मिस्त्री विसरला असेल, असं समजून बाबाने पुन्हा डावीकडे करायला सांगितलं. मिस्त्रीने एकदा त्याच्याकडे, एकदा दाराकडे पाहिलं, आणि दार डावीकडे केलं. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा उजवीकडे होतं. चौकटीला आता इतकी भोकं पडली होती की तिच्यातून पलीकडचं दिसायला लागलं होतं.

रंगाचं खातं आईकडे होतं. तिला दोन छटा पसंत होत्या आणि दोन्हींचे नमुने तिने भिंतीशेजारच्या जुन्या पोपड्यावर लावून ठेवले होते. रोज ती समोर उभी राहायची, एक डोळा मिटायची, मग दुसरा मिटायची. दिवसभर लोकांना पहिलं की दुसरं विचारणाऱ्या बाईला घरी एक रंग ठरवता येऊ नये, याची बाबाला मोठी गंमत वाटायची. पण तो काही बोलला नाही. उलट घाई करू नकोस, रोज बघायचा रंग आहे, असं त्याने तिला समजूतदारपणे सांगितलं. तीही तितक्याच समजूतदारपणे हो म्हणाली.

या सगळ्यात संसार चालूच होता, म्हणजे चालल्यासारखा दिसत होता. प्रत्येक घासात थोडी वाळू असायची आणि ती आता कोणाच्या लक्षातही येत नव्हती. मुंगीला ताप येऊन गेला. बाबाच्या गणवेशाची पँट विटांच्या ढिगावर वाळत घातली गेली आणि तो गुडघ्यांवर लाल ठसे घेऊन डेपोत गेला. तिथे त्याला त्याचं कारण विचारलं, तर त्याला पटण्याजोगं काही सांगता आलं नाही. आई एकदा दुकानात चष्म्याच्या डबीतून लांबलचक खिळा काढून ग्राहकासमोर धरून बसली. हा मुंगीचा प्रताप होता.

मुंगीचा जीव मिस्त्रीवर जडला होता. त्याहून जास्त त्याच्या लेव्हलवर. ती एक लाकडी पट्टी होती, मध्ये काचेच्या नळीत हिरवं पाणी आणि त्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की सरळ, नाहीतर वाकडं. मिस्त्री ती कुठेही ठेवून बघायचा आणि बहुतेक वेळा मान हलवून "लेव्हल नाही" म्हणायचा. मुंगीने आयुष्यातलं पहिलं पूर्ण वाक्य बोलून दाखवलं ते हेच. आईने ते फोनवर आत्याला ऐकवलं. आत्या म्हणाली, ठीक आहे, पण आई, बाबा वगैरे काही? मुंगीने फोनवर पट्टी ठेवली आणि म्हणाली, "लेव्हल नाही."

पुढे ती पट्टी घेऊन घरभर फिरायला लागली. जेवणाचं टेबल लेव्हल नव्हतं. शेजारच्या आजोबांचं टक्कल लेव्हल नव्हतं. सुट्टीच्या दुपारी डुलकी काढणाऱ्या बाबाच्या पोटावर तिने पट्टी ठेवली, बराच वेळ वाकून निरखलं आणि अत्यंत खेदाने निकाल दिला.

एका सुट्टीच्या सकाळी तिघं सिमेंटच्या गोण्यांवर बसून नाश्ता करत होते. सुट्टी दोघांची एकाच दिवशी यायची, तेवढी एकच सकाळ सगळे एकत्र असायचे. मुंगी घमेल्यात बसली होती. ती खाता खाता एकदम म्हणाली, "भिंतीला आंघोळ."

बाबाच्या हातातला घास हातातच राहिला.

"काहीही बडबडते," बाबा म्हणाला.

"काहीही," आई म्हणाली. त्याच्या आधी की त्याच्या नंतर, हे सांगता येणार नाही, दोघंही एकदमच बोलले. मग आईने मुंगीच्या तोंडात मोठा घास कोंबला आणि बाबाने उठून उगाच खिडकी उघडली. एवढं होऊनही दोघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. चोराला सगळीकडे पोलीस दिसतात, दुसरा चोर दिसत नाही.

असे किती दिवस गेले असते कोण जाणे. पण आत्याला राहवेना. पलंग पाठवून इतके दिवस झाले आणि अजून पोरगी त्यावर झोपल्याचा फोटो नाही, म्हटल्यावर ती पुढच्या सुट्टीच्या दिवशी न कळवता येऊन धडकली. दारातून आत यायला तिला आपल्याच पलंगाला वळसा घालावा लागला. तिने गादी पाहिली, कपाट पाहिलं, घमेल्यात बसलेली भाची पाहिली, आणि पर्स हातात धरूनच सरळ नव्या भिंतीपुढे जाऊन उभी राहिली. भिंतीला हात लावला. हात ओला झाला. तिने तो हात भावापुढे धरला.

"अरे, ही भिंत गळतेय."

बाबा म्हणाला, ओल आहे थोडी. आई म्हणाली, नवी आहे ना. आत्या म्हणाली, नवी कसली, इतक्या दिवसांत माणूस वाळतो. आत कुठली तरी नळी फुटलीय आणि तुम्ही दोघं गोण्यांवर बसून नाश्ते करताय. तिने लगेच फोन काढला. तिच्या ओळखीचा प्लंबर होता. तिच्या ओळखीचा सगळ्याच प्रकारचा माणूस असतो.

प्लंबर आला तेव्हा बाबाने एक गोष्ट सांगून पाहिली की उद्या बघू. आईने सांगून पाहिलं की मिस्त्रीला विचारल्याशिवाय नको. पण प्लंबरने भिंतीला कान लावला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला की नळी आतच आहे, फोडल्याशिवाय कळणार नाही. असं तो प्रत्येक भिंतीबद्दल म्हणत असावा. त्याने छिन्नी आणि हातोडा काढला.

आता बाबाची मोठी पंचाईत झाली. भिंत फोडली तर पुन्हा बांधायची, पुन्हा गिलावा, पुन्हा पाणी. म्हणजे कित्येक आठवड्यांचा सरकारमान्य उशीर घरबसल्या मिळत होता. नुसतं गप्प बसायचं होतं. पण एक चांगली, सरळ, निर्दोष भिंत आपल्या खोटेपणापायी फुटणार, हे त्याला बघवेना. खरं सांगावं तर बायकोपुढे आणि बहिणीपुढे तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. शेजारी आईनेही तोंड उघडलं होतं. तिनेही मिटलं.

प्लंबरने छिन्नी टेकवून हातोडा मारला. भिंतीचं काही झालं नाही. त्याने पुन्हा मारला. एक बारीक कपचा उडाला आणि छिन्नी त्याच्या हातातून सुटून गोणीत पडली. त्याने भिंतीकडे जरा आदराने पाहिलं, बाह्या वर केल्या आणि तिसऱ्यांदा हातोडा उचलला, तेवढ्यात दारातून मिस्त्री आत आला. तो आपली पट्टी न्यायला आला होता. आपल्या भिंतीवर परक्याचा हातोडा पाहून तो आयुष्यात पहिल्यांदा घाईने चालला.

"काय करताय?"

आत्याने त्याला गळतीबद्दल चार शब्द सुनावले. काम कसलं केलंय, हात लावला तर हात भिजतो, असं म्हणाली. मिस्त्रीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"या भिंतीत नळीच नाही ताई," तो म्हणाला. "गळणार कुठून? सकाळी साहेब पाणी मारतात, संध्याकाळी वहिनी मारतात. बास म्हटलं तरी मारतात. मी सकाळी आलो तर साहेब मग घेऊन उभे, संध्याकाळी आलो तर वहिनी पाइप घेऊन. मला वाटलं, दोघांचं ठरलंय."

प्लंबरने हातोडा हळूच पिशवीत ठेवला.

"आणि दार?" आत्याने विचारलं. तिला एव्हाना वास लागला होता.

"साहेब म्हणतात डावीकडे, वहिनी म्हणतात उजवीकडे. मी दोघांचं ऐकतो." मिस्त्रीने भिंतीवरून हात फिरवला. "पण भिंत अशी झालीय की आता कोणाच्या बापाला फुटायची नाही. इतकं पाणी मी कुठल्याच भिंतीला पाजलेलं पाहिलं नाही."

"भिंतीला आंघोळ," मुंगी घमेल्यातून म्हणाली. ती हे आधीपासूनच सांगत होती.

बाबाने आईकडे पाहिलं. आई भिंतीकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते. तो काय विचारणार हे तिला कळलं असावं.

"तिला खोली दिली की ती मोठी झाली," आई म्हणाली. "मला घाई नव्हती. तूच म्हणालास ना, सवय आताच लावायला हवी."

"तू म्हणालीस म्हणून मी म्हणालो."

आत्या एरवी यावर तासभर बोलली असती. पण ती गोणीवर बसली आणि तिने पर्स मांडीवर घेतली. मग म्हणाली की तिची मुलं वेगळी झोपायला लागली, तेव्हा पहिले काही दिवस ती त्यांच्या दाराबाहेर फरशीवर झोपायची. मुलांच्या बाबांना वाटायचं तिची कंबर धरलीय म्हणून. हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली की ते काही असलं तरी मगाला आता हात लावायचा नाही, दोघांनीही.

मग हातावर हात ठेवून बसण्याखेरीज काही उरलं नाही. ज्या भिंतीमुळे पोरगी लांब जाणार म्हणून दोघांनी चोरून पाणी घातलं, तीच त्या पाण्याने घरातली सगळ्यात मजबूत भिंत झाली होती. ती वाळायलाही फार दिवस लागले नाहीत. रंगाचं विचारल्यावर आई म्हणाली, पहिला. एवढंच. दार शेवटी उजवीकडे राहिलं, पण इतक्या वेळा काढून घालून ते थकलं होतं. ते पूर्ण मिटत नव्हतं आणि पूर्ण उघडं राहत नव्हतं. कसंही सोडलं तरी आपोआप येऊन एका ठरावीक ठिकाणी थांबायचं, हातभर फट ठेवून. मिस्त्री म्हणाला नवी चौकट लावून सरळ करून देतो. दोघं म्हणाले, राहू द्या, पुरे झालं. निघताना त्याने आपली जुनी पट्टी मुंगीच्या हातात दिली, कारण ती तशीही त्याला परत मिळाली नसती.

मोठा पलंग पुन्हा जोडून बेडरूममध्ये गेला. आत्याचा छोटा पलंग पलीकडच्या खोलीत गेला. पहिली झोप बाबाच्या सुट्टीच्या दिवशी घ्यायची असं ठरलं. दोघांनी जय्यत तयारी केली होती. रडली तर काय, घाबरली तर काय, कोणी आधी जायचं, कोणी नंतर. बाबाने चार गोष्टी पाठ केल्या होत्या.

मुंगीने दुपारपासूनच हालचाल सुरू केली होती. आपली उशी, एक बूट, चाळण, आईच्या चष्म्याची डबी, बाबाचा मोजा, घमेलं. एकेक वस्तू दोन्ही हातांनी छातीशी धरून ती त्या फटीतून आत न्यायची आणि रिकाम्या हातांनी बाहेर यायची. कोणी मदत करू गेलं तर ढकलून द्यायची. आईबाबा गादीवर बसून बघत होते. त्यांना वाटलं खेळतेय.

संध्याकाळचं जेवण झालं. बाबा तिला घेऊन खोलीत गेला, छोट्या पलंगावर पाय दुमडून तिच्याशेजारी मावला आणि पहिल्या गोष्टीला सुरुवात केली. मुंगीने गादीवर पट्टी ठेवली. वाकून बुडबुडा पाहिला. मग समाधानाने म्हणाली, "लेव्हल आहे." हे तिने आयुष्यात पहिल्यांदाच कशाला तरी म्हटलं होतं.

मग तिने बाबाकडे पाहिलं.

"बाबा, जा," ती म्हणाली. "तुझी खोली तिकडे."

बाबा उठला. दुसरं काय करणार? बाहेर आला तेव्हा आई पलंगाच्या तिच्या बाजूला पाण्याचा ग्लास घेऊन बसली होती, मुंगीला तहान लागली तर म्हणून. तिने काही विचारलं नाही, कारण तिला सगळं ऐकू आलं होतं. पलीकडून थोडा वेळ मुंगीचं पुटपुटणं आलं, मग तेही थांबलं. ना रडणं, ना हाक. बाबाने चार गोष्टी उगाच पाठ केल्या होत्या.

दोघं आपापल्या काठाला आडवे झाले. मधे मुंगीएवढी जागा आपोआप मोकळी राहिली. तिच्यावर कोणी सरकलं नाही. बाबाच्या बरगडीला काहीच लागत नव्हतं आणि त्यामुळे त्याला धड पडवत नव्हतं. तो या कुशीवरून त्या कुशीवर वळला, आणि वळता वळता मधल्या जागेत गेला. तिथे त्याचं डोकं टेकलं तसा तो एकदम थांबला.

दार आपल्या जागी येऊन थांबलं होतं, हातभर फट ठेवून. त्या फटीतून, मुंगीच्या जागेवरून, आणि फक्त तिथूनच, पलीकडच्या छोट्या पलंगाचा पायथा दिसत होता. पांघरुणाबाहेर एक पाय आला होता.

"इकडे ये," तो कुजबुजला.

आई सरकून आली. त्याने खांदा मागे घेतला, तिने डोकं त्याच्या डोक्याला लावलं, तेव्हा कुठे तिला दिसलं. एवढा रुंद पलंग, दोन्ही बाजूंना मोकळा, आणि दोन मोठी माणसं अडीच वर्षांच्या पोरीच्या जागेत अंग चोरून पडली होती. बाबाचा हात अवघडला होता. आईचं कोपर त्याच्या बरगडीत रुतत होतं. त्याने ते काढायला सांगितलं नाही.

"अंगठा दिसतोय," आई म्हणाली.

"दार दुरुस्त नाही करायचं," बाबा म्हणाला.

"नाही करायचं," आई म्हणाली, आणि या वेळी दोघांचं खरंच ठरलं.